आज्जी म्हणतात 'पोटभर जेवले', काटा म्हणतो नाही : म्हाताऱ्या माणसांचं खाणं नोंदवायचं कसं?

माणदेशी_लेक | सोमवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. मी आहारशास्त्रात एम.एस्सी. करतेय. प्रबंधाला विषय घेतलाय आमच्या माण तालुक्यातल्या साठी ओलांडलेल्या माणसांच्या खाण्याचा. चाळीस घरं करायचीत. बारा झालीत आणि मी अडकलेय. इथं बऱ्याच जणांच्या घरी म्हातारी माणसं आहेत, काही जण स्वतः त्या वयाचे आहात, म्हणून विचारतेय.

पद्धत चोवीस तासांच्या आठवणीची. काल उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडात काय काय गेलं ते विचारायचं, माप लिहायचं, आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे ५२८ पदार्थांचे तक्ते आहेत, त्यांवरून हिशोब मांडायचा. वर्गात सोपं वाटलं होतं.

परवाचं घर सांगते. आज्जी पंच्याहत्तरीच्या आसपास. माझा पहिला प्रश्न, "आज्जे, काल काय काय खाल्लं?"

"काय खानार बाय. भाकरी, कोरड्यास."

"आणि?"

"आनि काय. पोटभर खाल्लं की."

एवढ्यावर उठले असते तर माझ्या कागदावर 'पुरेसा आहार' असं पडलं असतं. पण त्यांच्या हाताला धरून उठवलं तेव्हा दंड माझ्या मुठीत मावला. मग थांबले. दुपारचं जेवण त्यांच्याबरोबरच केलं. सुनेकडून पीठ मागून तोललं, वाटीत पाणी भरून वाटी मोजली. दिवसभराची भाकरी दोन वेळची मिळून दीड, म्हणजे पीठ साधारण १०० ग्रॅम. ज्वारीत शेकडा १० प्रथिनं, ती १० ग्रॅम. आमटी इतकी पातळ की डाळ १० ग्रॅमच्या वर नसेल, तिची २. चार कप चहात मिळून १२० मिलिलिटर दूध, ४ ग्रॅम. चार बिस्किटं, दीड-दोन. चमचाभर शेंगदाण्याची चटणी, २. सगळं मिळून २० ग्रॅम.

वजन भरलं ४२ किलो. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीप्रमाणे किलोमागे ०.८३ ग्रॅम धरलं तर रोज ३५ ग्रॅम लागतात. म्हातारपणी स्नायू टिकवायला किलोमागे १ ते १.२ ग्रॅम हवं असं प्रॉट-एज या तज्ज्ञगटानं २०१३ साली मांडलंय. त्या हिशोबानं ४२ ते ५० लागतील. कॅल्शियम या वयाला १२०० मिलिग्रॅम धरतात. चहातल्या दुधातून १४०-१५० मिळत असेल.

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या जुन्या कागदावर दोन वर्षांपूर्वीचं वजन ४७ होतं. पाच किलो गेले आणि घरात कुणाच्या लक्षात आलं नाही, आज्जींच्याही नाही. त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांचं पोट खरंच भरत होतं.

मला मदत हवीय ती विचारण्याच्या पद्धतीत. प्रत्येक घरी दिवसभर बसणं जमणार नाही. कसं विचारलं तर खरं कळेल?

पुण्यातला_कोरेगावकर | सोमवार, रात्री ९:५५

ताई, वाचून पोटात कालवलं. आई कोरेगावला एकटी असते. मी रोज संध्याकाळी फोन करतो. "जेवलीस का?" "जेवले." बारा वर्षं हाच संवाद चाललाय. गेल्या गणपतीत आठ दिवस घरी राहिलो तेव्हा पाहिलं, रात्रीचं जेवण म्हणजे कपभर चहा आणि दोन खारी. "एकटीसाठी कुठं चूल पेटवू" म्हणाली. लग्नातल्या बांगड्या हात वर केला की कोपरापर्यंत घसरतात.

पुण्याहून प्रथिनांच्या पावडरचा मोठा डबा पाठवला होता. चार महिन्यांनी बघतो तर फळीवर तसाच. वास आवडला नाही म्हणून शेजारच्या पोराला दोनदा करून दिली म्हणे. तुम्ही आईकडे जाणार असाल तर पत्ता कळवतो. मला खरंच माहीत करून घ्यायचंय.

रानवाट_खटाव | सोमवार, रात्री १०:२०

मला हे सगळं शहरी वाटतं. आमचे आजोबा ब्याण्णव वर्षं जगले, भाकरी, ठेचा आणि कांद्यावर. त्यांना कुणी ग्रॅम मोजून घातले नव्हते. म्हातारपणी भूक कमी होते हा निसर्ग आहे. कमी खाणारा जास्त जगतो असं थोर माणसं सांगून गेलीत. तुम्ही शिकलेली पोरं त्या बिचाऱ्यांच्या डोक्याला घोर लावता.

निवृत्त_गुरुजी | मंगळवार, पहाटे ५:४०

पोरी, मी तासगाव तालुक्यातला. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं शिकवलं, आता एकाहत्तर पूर्ण. तुझा प्रश्न मला विचारलेला आहे असं समजून उत्तर देतो.

तू विचारतेस, काय खाल्लं. हा प्रश्न माझ्यासारख्याला विचारलास तर मी भाकरी-भाजीच सांगेन, कारण ते जेवण. चहाबरोबरचं बटर, प्रसादाचं केळं, उभ्या उभ्या खाल्लेला बेदाणा, हे आमच्या लेखी खाणं नव्हे, ते आम्ही सांगत नाही. आणि जे कमी पडतं तेही सांगत नाही, कारण कमी पडलंय असं वाटतच नाही.

तू असं विचार : "आधी खात होता आणि आता सोडलंत, असं काय काय आहे?"

माझंच सांगतो. हुरडा सोडला. मटकीची उसळ सोडली. शेंगदाणे सोडले. कवळी बसवून तीन वर्षं झाली, ती खालून टोचते, म्हणून भाकरी दुधात कुस्करायची, नाहीतर सरळ मऊ भात. पत्नी गेल्यापासून दूधही अर्धा लिटरऐवजी पाव लिटर घेतो, उरलं तर नासतं. पालेभाजी निवडायला बसवत नाही. आता या सोडलेल्या गोष्टी एका ओळीत लिहून बघ. हुरडा, मटकी, शेंगदाणे, दूध, पालेभाजी. राहिला भात आणि चहा. आणि मला काल विचारलं असतं तर मीही म्हणालो असतो, पोटभर जेवतो.

खटावच्या मित्रा, रागवू नकोस. तुझ्या आजोबांच्या दावणीला म्हैस असणार. ठेचा दिसतो, पण त्याच्याबरोबर तांब्याभर ताक होतं, हुलग्याचं (कुळथाचं) पातळ माडगं होतं, सुगीत घुगऱ्या होत्या, आणि दिवसभर रान तुडवणं होतं. शिवाय जे ब्याण्णवपर्यंत पोचले ते आपल्याला आठवतात. माझे वडील त्रेसष्टाव्या वर्षी गेले, त्याच भाकरी-कांद्यावर.

मिरज_फिजिशियन | मंगळवार, दुपारी २:१५

गुरुजींचा प्रश्न मी आजपासून ओपीडीत वापरणार आहे.

संशोधनाच्या अंगानं थोडं सांगतो. एका दिवसाच्या आठवणीवर एका माणसाचा निष्कर्ष काढू नका. किमान दोन-तीन दिवस घ्या, लागोपाठचे नकोत, आणि त्यात एक उपासाचा दिवस असू द्या. आपल्याकडची म्हातारी माणसं एकादशी, संकष्टी, सोमवार, गुरुवार असं धरतात. औदुंबर-नरसोबावाडी करणाऱ्यांचा गुरुवार तर चुकत नाही. महिन्याचे सहा-आठ दिवस असे निघतात. त्या दिवशी ताटात साबुदाणा असेल तर तो जवळजवळ निव्वळ पिष्ट, प्रथिनं नावापुरती. उपास सोडा असं सांगून कुणी ऐकत नाही आणि मी सांगतही नाही. साबुदाण्याऐवजी राजगिरा किंवा भगर, बरोबर वाटीभर दही आणि दाण्याची आमटी, एवढं सांगितलं की ऐकतात.

आठवण पाच फेऱ्यांत घ्या. पहिल्यांदा त्यांना आडकाठी न करता सांगू द्या. मग विसरलेलं विचारा : चहा, प्रसाद, सुपारीबरोबर काही, औषधाबरोबर काही. मग वेळ. मग माप. शेवटी सगळं वाचून दाखवा. वाचून दाखवताना निम्म्या गोष्टी निघतात.

ज्यांचं विसरणं वाढलंय त्यांना आठवण विचारून उपयोग नाही. तिथं ताट वाढताना आणि उचलताना बघणं हाच उपाय.

आहाराच्या हिशोबाआधी एक छोटी चाचणी करा, एम.एन.ए. म्हणजे म्हाताऱ्या माणसांचं पोषण तपासायची प्रश्नावली, तिचं लहान रूप. सहा प्रश्न, १४ गुण. तीन महिन्यांत खाणं कमी झालं का, वजन घटलं का, हिंडणं-फिरणं कसं, मोठं आजारपण किंवा मनाला धक्का, स्मरण आणि उदासी, आणि उंची-वजनाचं गुणोत्तर. १२ किंवा जास्त ठीक, ८ ते ११ धोक्यात, ७ किंवा कमी म्हणजे कुपोषण. पाठीत वाकलेल्या माणसाची उंची खरी भरत नाही, तिथं पोटरीचा घेर घेता येतो. पाय सैल ठेवून जिथं जाड आहे तिथं टेप लावा. ३१ सेंटिमीटरच्या आत आला तर त्या प्रश्नाला शून्य गुण. टेपला विजेची गरज नाही, वाड्यावस्तीवर चालते.

आणि औषधांची पिशवी बघायला मागा. मधुमेहाची मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी १२ जीवनसत्त्व कमी पडतं, ॲसिडिटीच्या गोळीनंही पडतं. त्यात सातारा-सांगलीत माळकरी माणसं पुष्कळ, मांस-अंडं वर्ज्य. बी १२ वनस्पतीत नाही, दुधा-दह्यात आहे, आणि दूध फक्त चहात. पायाला मुंग्या, तोल जाणं, विसरणं, हे सगळं 'वय झालं' म्हणून सोडून देतात. साध्या रक्ततपासणीत कळतं आणि उपाय स्वस्त आहे. माझा या बाबतीत जीव तुटतो, कारण मज्जातंतूंचं नुकसान फार दिवस राहिलं की पूर्ण भरून येत नाही.

एक सावधगिरी. मूत्रपिंडाचा आजार असलेल्या माणसाला तुमच्या हिशोबावरून प्रथिनं वाढवायला सांगू नका. त्यांना डॉक्टरांकडे पाठवा.

जतची_आशा | मंगळवार, रात्री ८:३०

मी आशा सेविका आहे, जत तालुक्यात. मॅडम, तुम्ही कोणत्या महिन्यात जाताय त्यावर सगळं आहे. दिवाळीच्या आसपास इथली घरं ऊसतोडीला जातात ती उन्हाळ्याच्या तोंडाशी येतात. मागं राहतात म्हातारी आणि शाळेची पोरं. त्या काळात म्हातारी पोरांसाठी रांधते. भात, कधी अंडं आणलं तर ते पोराला. ती स्वतः कढईला लागलेलं भाकरीनं पुसून खाते. सून घरी असते तेव्हा निदान ताट वाढलेलं मिळतं. जूनमध्ये विचारलंत तर एक चित्र, जानेवारीत विचारलंत तर दुसरंच. कागदावर महिना ठळक लिहा.

दुसरं पाण्याचं. आमच्या बायका सांजच्याला पाणी पीत नाहीत, रात्री उठून अंधारात बाहेर जायला लागतं म्हणून. गुडघे दुखतात, पडायची भीती. वयात तहानही कमी लागते. उन्हाळ्यात चक्कर येऊन पडल्या की लोक म्हणतात अशक्तपणा. खाण्याच्या कागदात पाण्याचा रकाना नसेल तर घाला. तांब्या किती वेळा भरला ते विचारा, त्यांना लिटर कळत नाही.

तिसरं पैशाचं. श्रावणबाळ निवृत्तिवेतनाचे महिन्याला १५०० रुपये येतात ते कुणाच्या हातात पडतात ते हळूच विचारा. ज्या म्हातारीच्या हातात राहतात तिच्या घरात दूध दिसतं. हे मी माझ्या गावात डोळ्यांनी बघितलंय.

सांगलीची_सून | मंगळवार, रात्री १०:०५

मला थोडं बोलायचंय. हा विषय निघाला की शेवटी बोट सुनेकडे जातं. 'लक्षात आलं नाही' हे वाक्य वाचूनही मला लागलं.

आमच्याकडे सासऱ्यांना मधुमेह आणि रक्तदाब. एका दवाखान्यात गोड बंद सांगितलं, दुसरीकडे मीठ बंद, शेजाऱ्यांनी भात बंद सांगितला, नातेवाइकांनी दूध आणि केळं बंद केलं, कुणी म्हणालं शेंगदाण्यानं कोलेस्टेरॉल वाढतं. मी सगळं पाळलं, मनापासून पाळलं. बिनमिठाची आमटी आणि दोन फुलके त्यांच्यापुढं ठेवताना मला वाटायचं मी त्यांची काळजी घेतेय. वर्षात त्यांचं वजन नऊ किलोनं उतरलं. साखर छान होती. बाथरूममध्ये पडले आणि खुबा मोडला.

तेव्हा ताई, घरात विचाराल तेव्हा हेही विचारा, कुणी काय काय बंद करायला सांगितलंय. आणि सासूला सुनेसमोर विचारू नका, पण सुनेलाही वेगळं बसवून विचारा. तिलाही काही सांगायचं असतं.

मिरज_फिजिशियन | बुधवार, सकाळी ७:५०

ताई, चूक तुमची नाही. आम्ही 'हे बंद करा' सांगतो आणि 'त्याऐवजी हे घाला' सांगायला वेळ देत नाही. सत्तरीनंतर न ठरवता वजन उतरणं हे चढण्याइतकंच, पुष्कळदा जास्त, काळजीचं. चार-पाच पदार्थ बंद झाले की माणूस जेवणातूनच उठतो. जीभ आणि नाक आधीच मंद झालेलं असतं, त्यात अळणी. दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत मीठ ठेवायचं हा जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा. तो लोणचं, पापड, फरसाण कमी करून गाठावा. आमटीची चव घालवून नाही. आमटीत आमसूल, लसूण, जिरं, कोथिंबीर मोकळ्या हातानं घाला.

सासऱ्यांना आता रोज थोडं उभं राहायला, चालायला लावा. नुसत्या खाण्यानं स्नायू भरत नाहीत.

रानवाट_खटाव | बुधवार, दुपारी १:३०

गुरुजी, म्हैस होती. दोन होत्या. मी काल आईला विचारलं तर म्हणाली, आजोबा रोज सकाळी चरवीतलं धारोष्ण दूध प्यायचे आणि सुगीत हरभऱ्याचा ढीग सोलून संपवायचे. मी लहान होतो, मला ठेचाच आठवतो. माझं पहिलं लिहिणं मागं घेतो.

आईचं वय अडुसष्ट. गुरुजींचा प्रश्न तिला विचारला. म्हणाली, ताक. म्हशी विकल्यावर ताक सुटलं, आणि ताक नाही म्हणून कण्याही सुटल्या.

माणदेशी_लेक | गुरुवार, रात्री ९:२५

तुम्हा सगळ्यांचं वाचून मी परत त्याच घरी गेले. टेप घेऊन, जुनी प्रश्नावली न काढता. आज्जींच्या सूनबाईंशी आधी बोलले, चुलीपाशी बसून. त्या म्हणाल्या, "आत्याबाई मागतच न्हाईत. दिलं तर म्हंत्यात, तुला पायजे, रानात जायाचंय." सांगलीच्या ताई, तुमची क्षमा मागते. मी 'लक्षात आलं नाही' असं सहज लिहून गेले.

मग आज्जींना विचारलं, सोडलंत काय काय? आधी हसल्या. मग बोटं मोडत मोजायला लागल्या. माडगं सोडलं, हुलगा भाजून भरडायला जात्यावर बसवत नाही आणि गिरणीवाला पायलीच्या खाली दळत नाही. शेंगा सोडल्या, पुढचे दात नाहीत. शेवग्याचा पाला सोडला, झाड तोडलं. अंडं कधी खात होता का विचारलं तर म्हणाल्या, मालक होते तवर. नवरा गेल्यावर सोडलं. का, तर "बाईमान्साला एकटीला काय करायचं." हे उत्तर माझ्या कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं. मी समासात लिहून घेतलं.

पोटरी भरली २८. एम.एन.ए.चे गुण ७.

त्यांना आकडे सांगितले नाहीत याही वेळी. सूनबाईंशी मिळून एवढंच ठरवलं. शेंगदाणे भाजून बारीक कूट करायचं आणि आमटीत रोज दोन मुठी जादा घालायचं, म्हणजे सगळ्या घराला मिळेल आणि आज्जींना वेगळं वाढल्यासारखं वाटणार नाही. हुलगा त्यांच्या भावकीत तिघींनी मिळून पायलीभर दळून आणायचा आणि वाटून घ्यायचा. त्याच्यात २२ टक्के प्रथिनं आहेत, आणि माडगं प्यायला दात लागत नाहीत. सकाळच्या चहातलं दूध वेगळं काढून कपभर दूधच द्यायचं, त्यात दोन चमचे नाचणीचं सत्त्व शिजवून. शंभर ग्रॅम नाचणीत ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम आहे, दोन चमच्यांतून थोडंच मिळेल, पण दूध सुटं होईल. आणि जेवल्याबरोबर चहा नाही, तासाभरानं, कारण चहा भाजी-डाळीतलं लोह शोषू देत नाही. आज्जींनी शेवटच्या गोष्टीला नकार दिलाय. बाकीचं मान्य.

वजन इतकं घटलंय तर नुसत्या आहारावर सोडू नका असं माझ्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या. सोमवारी तिथल्या आशाताई आज्जींना केंद्रात नेणार आहेत, रक्त तपासायला.

माझी प्रश्नावली बदलली. पहिलंच पान आता 'सोडलेलं' : काय, कधीपासून, कशानं. दात, पैसा, एकटेपण, कुणी बंद केलं, करणारं कुणी नाही, जनावर विकलं. मग पाण्याचे तांबे. मग महिना, घरात सध्या कोण कोण आहे, आणि पैसे कुणाच्या हातात. औषधांची पिशवी. चोवीस तासांची आठवण सगळ्यात शेवटी, तीन भेटींत, त्यात एक उपासाचा दिवस. ज्यांना वाचता येत नाही त्यांची संमती साक्षीदारासमोर वाचून दाखवून अंगठा घ्यायचा, ते आधीपासून आहेच. आधीची बारा घरं मी पहिल्यापासून परत करणार. बाई म्हणाल्या सत्र पुढं जाईल. जाऊ दे.

कोरेगावकर दादा, तुमच्या आई माझ्या तालुक्यात नाहीत, प्रबंधात बसणार नाहीत. पण येत्या रविवारी मी साताऱ्याला येणार आहे, तिथून कोरेगावला जाऊन येईन. तुम्ही फोनवर 'जेवलीस का' ऐवजी 'आज काय केलं होतंस' असं विचारून बघा तोवर.

पुण्यातला_कोरेगावकर | गुरुवार, रात्री ९:५०

आत्ताच विचारलं. बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "खोटं कशाला सांगू, काही केलं नव्हतं." शनिवारी रात्रीच्या गाडीनं मीही येतोय. रविवारी घरीच भेटू.

निवृत्त_गुरुजी | शुक्रवार, पहाटे ५:३५

पोरी, तुझं पान छापून घेतलं आणि स्वतःच भरलं. सोडलेल्या गोष्टी अकरा निघाल्या. मी परवा पाचच लिहिल्या होत्या. नातवाकडून शिवणाची टेप घेऊन पोटरी मोजली. दोनदा मोजली. तीस भरली.

कवळीवाल्याकडे आज जातो, ती घासून घ्यायला. मंगळवारी मिरजेला जायचं ठरवलंय, तपासून घेतो. डॉक्टरसाहेब, येताना गोळ्यांची पिशवी आणतो.

माणदेशी_लेक | शुक्रवार, सकाळी ६:१०

गुरुजी, पोटरी बसून मोजलीत की उभं राहून? पाय सैल होता ना? नातवाला परत एकदा मोजायला सांगा आणि मला कळवा. आणि आज दूध अर्धा लिटर घ्या. उरलं तर रात्री विरजण लावा.